मदत हवी आहे : 'पेड' म्हणजे पाय की मूल? नववीच्या मुलांना कसं समजवावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात राजारामपुरीत इंग्रजीची शिकवणी घेते. क्लासच्या वाटेवर मुलांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्या शेजारी शेजारी आहेत. त्या वाचून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पेडल, पेडिक्युअर, पेडेस्ट्रियन या सगळ्यांत पाय आहे. मग पेडिॲट्रिकवाले पाय सोडून मुलं का तपासतात? आणि ऑर्थोपेडिक?" प्रश्न इतका नेमका होता की तो तास मी त्यालाच दिला.

पाय हा लॅटिन 'पेड', आपल्या संस्कृत 'पद'चा सख्खा भाऊबंद. 'इम्पीड' म्हणजे मुळात पायात खोडा घालणं आणि 'एक्स्पिडाइट' म्हणजे तो काढणं, हे मुलांना लगेच पटलं. मूल मात्र ग्रीक 'पाइद'मधून येतं. पेडिॲट्रिक त्यातलंच, आणि ऑर्थोपेडिकसुद्धा! 'ऑर्थो' म्हणजे सरळ. निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी 1741 साली मुलांच्या शरीरातलं वाकडेपण सुधारण्याबद्दल पुस्तक लिहिलं, त्यासाठी हा शब्द घडवला. त्यातलं खुंटाला दोरीनं बांधलेल्या वाकड्या झाडाचं चित्र हाडांच्या डॉक्टरांच्या संघटना आजही बोधचिन्ह म्हणून वापरतात. मोबाइलवर ते दाखवलं तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून बघायला आली.

ग्रीकमध्ये पायाला 'पोद'. ट्रायपॉड, ऑक्टोपस त्या घरचे. इथपर्यंत ठीक चाललं होतं.

अडचण स्पेलिंगची आहे. ब्रिटिश पद्धतीत मुलाच्या शब्दांत 'पी'नंतर 'ए-ई' येतं, पायाच्या शब्दांत नुसता 'ई'. ही खूण मी फळ्यावर लिहून दिली. पण 'पेडगॉग'मध्ये (म्हणजे शिक्षक) मूल असूनही नुसता 'ई'च आहे. (ग्रीकांकडे मुलाला शाळेत पोचवणाऱ्या गुलामाला हे नाव होतं.) अमेरिकन स्पेलिंगमध्ये तर ही खूणच राहत नाही, आणि मुलं मोबाइलवर तेच बघतात.

शब्दांची मुळं वर्गात शिकवलेल्यांनी कृपया सांगा : आधी मूळ द्यावं आणि मग शब्द, की शब्दांवरून मूळ शोधायला लावावं? 'पेडगॉग'सारखे अपवाद त्याच दिवशी सांगावेत का? अशी फसवी जोडी असलेली आणखी मुळं माहीत असतील तर तीही द्या. इंग्रजीचा धसका घेतलेली ही मुलं पहिल्यांदाच स्वतःहून डिक्शनरी उघडायला लागलीत, म्हणून जरा घाई आहे.