दोन पोर्टचं एक कार्ड म्हणजे रिडंडन्सी नव्हे

पॅकेटवाला:
कालच्या एका पोस्टमधला सल्ला: 'ड्युअल पोर्ट कार्ड घ्या, एलएसीपी लावा; रिडंडन्सी मिळते आणि वेगही दुप्पट होतो.' (कार्ड म्हणजे सर्व्हरचं नेटवर्क कार्ड; एलएसीपी म्हणजे अनेक लिंक एक म्हणून वापरायचा सर्व्हर आणि स्विचमधला प्रोटोकॉल; रिडंडन्सी म्हणजे एक भाग गेला तरी दुसऱ्यावर काम चालणं.) दोन्ही दावे चूक आहेत, आणि नवखी मंडळी असलं जसंच्या तसं उचलतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

एकाच कार्डावरच्या दोन पोर्टांना बहुतेक वेळा चिप एक, फर्मवेअर एक, पीसीआयई स्लॉट तर एकच. फर्मवेअर लटकलं की दोन्ही एकदम जातात. एक पोर्ट बोर्डावरचा घ्या, दुसरा वेगळ्या कार्डावरचा, आणि केबली दोन वेगळ्या स्विचांकडे न्या.

आता वेग. एलएसीपी एका फ्लोची, म्हणजे एका कनेक्शनची, पॅकेटं दोन लिंकवर वाटत नाही. १० गिगाबिटचे दोन पोर्ट जोडले तरी एका बॅकअप कनेक्शनला १०च. त्यात लिनक्सच्या बॉन्डिंगची (पोर्ट जोडून एक 'बॉन्ड' करायची सोय) डिफॉल्ट हॅश पॉलिसी, कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवर ते ठरवणारा नियम, 'लेयर २', म्हणजे मॅक (कार्डाच्या हार्डवेअर) पत्त्यांवर. सगळी रहदारी एकाच गेटवेकडे जात असेल तर एक लिंक तुंबते, दुसरी रिकामी. 'लेयर ३+४' (आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवर) करा. हे फक्त बाहेर जाणाऱ्या रहदारीपुरतं. आत येणारी कुठल्या लिंकवर टाकायची ते स्विच ठरवतो, तिथलं हॅश तिथेच बदलावं लागतं.

खटपट्या:
अर्धंच सांगितलंत. दोन वेगळे स्विच म्हणता, पण त्यांच्यात एमलॅग किंवा स्टॅकिंग (दोन स्विच एकासारखे वागवायची सोय) नसेल तर एलएसीपीचे दोन अ‍ॅग्रिगेटर (लिंकांचे गट) बनतात आणि चालू एकच राहतो. बॉन्डची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये दोन पोर्टांचा अ‍ॅग्रिगेटर आयडी वेगळा दिसतो, तो कुणी बघत नाही. रिडंडन्सीच हवी असेल तर सरळ अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव) लावा. स्विचवर काहीही करावं लागत नाही.

पॅकेटवाला:
अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप नुसता कॅरिअर, म्हणजे लिंकचा सिग्नल, बघतो. एमआयआयमॉन (तो किती वेळाने तपासायचा ते) ० राहिला तर तोही बघत नाही. १०० मिलिसेकंद ठेवलात तरी स्विच लटकून लिंकचा दिवा हिरवा राहिला, की पॅकेटं खड्ड्यात. एलएसीपीत निदान समोरचा बोलतोय की नाही ते कळतं: फास्ट रेटला ३ सेकंदांत. डिफॉल्ट स्लो असतो, तिथे ९० सेकंद लागतात. तेवढं बदला.

खटपट्या:
आणि स्विच जिवंत पण त्याचा अपलिंक (पुढच्या नेटवर्ककडचा दुवा) मेला तर? एलएसीपीचे संदेश सर्व्हर ते स्विच एवढेच फिरतात, पुढचं त्याला काही दिसत नाही. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपला आर्प मॉनिटर (ठरलेल्या पत्त्याला, म्हणजे टार्गेटला, आर्प विचारणा पाठवून उत्तर येतं का ते बघणं) लावता येतो, एलएसीपी मोडमध्ये येत नाही. हे तुम्हाला माहीत असणार, मग लिहिलं का नाही?

कुंपण:
तुमचं एलएसीपी पुराण चालू द्या, पण व्हीलॅनबद्दल (एकाच तारेवर टॅग लावून वेगळी केलेली नेटवर्कं) कुणीच बोलत नाही. मॅनेजमेंट, स्टोरेज, बॅकअप सगळं एकाच बॉन्डवर टॅग करून सोडतात आणि वेगळं केलं म्हणतात. टॅगने बँडविड्थ वाटली जात नाही. रात्रीचा बॅकअप सुरू झाला की स्टोरेजचा लेटन्सी चढतो. जंबो फ्रेमचंही (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) तेच: व्हीलॅन इंटरफेसला ९००० एमटीयू (पॅकेटची कमाल बाइटसंख्या) द्यायचा तर आधी खालच्या बॉन्डला द्यावा लागतो, आणि वाटेतल्या प्रत्येक स्विच पोर्टलाही. फ्रॅगमेंटेशन बंद करून ८९७२ बाइटचा पिंग मारा. २८ बाइट हेडरचे धरून ९००० होतात. साधा पिंग जातो आणि मोठी कॉपी अडकते, ते यामुळेच.

उत्तररात्र:
एसआर-आयओव्ही (एक कार्ड अनेक 'व्हर्च्युअल फंक्शन'मध्ये वाटून व्हर्च्युअल मशीनना देणं) वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या: व्हर्च्युअल फंक्शन थेट गेस्टला (व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे व्हीएमला) दिलं की होस्टचा बॉन्ड मधे उरतच नाही. पोर्ट गेला की व्हीएमचं नेटवर्क गेलं. दोन कार्डांवरून एकेक फंक्शन द्या आणि गेस्टच्या आत अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप करा. एलएसीपी तिथे चालत नाही. फेलओव्हरला (दुसऱ्या पोर्टवर जाताना) मॅक बदलू लागला तर कार्डाचा स्पूफ चेक (परका मॅक पत्ता अडवणारी तपासणी) पॅकेटं टाकून देतो, म्हणून फेलओव्हर मॅक 'अ‍ॅक्टिव्ह'वर ठेवा.

पॅकेटवाला:
@खटपट्या, अपलिंकचा मुद्दा मान्य करावाच लागेल. पण आर्प मॉनिटर सरसकट लावा म्हणणं धोक्याचं आहे. टार्गेट एकच दिलं आणि तेच यंत्र रीबूट झालं, तर बॉन्ड दोन्ही पोर्ट मेलेले समजतो. व्हॅलिडेशन (आलेलं पॅकेट आपल्याच आर्प तपासणीचं आहे का ते बघणं) नसेल तर शेजारच्या सर्व्हरच्या ब्रॉडकास्टवर मेलेला पोर्टही जिवंत ठरतो.

खटपट्या:
म्हणून दोन टार्गेट द्यायची आणि आर्प व्हॅलिडेट 'ऑल'वर ठेवायचं. एवढ्यासाठी ते सोडून देऊ नका. आणि चाचणी म्हणजे नुसती केबल उपटणं नव्हे, ती जवळपास कुठलाही बॉन्ड पास होतो. स्विचच्या त्या पोर्टवरून टार्गेटचा व्हीलॅन काढून टाका. कॅरिअर तसाच राहील, एलएसीपीही खूश राहील, आणि रहदारी बंद पडेल. आर्प मॉनिटरवाला बॉन्ड दुसऱ्या पोर्टवर जातो का ते बघा, मग तुमच्या एलएसीपीवर तेच करा आणि काय दिसतं ते इथे लिहा.