मदत हवी आहे: जांघेतला हर्निया तपासताना डायरेक्ट की इनडायरेक्ट, दरवेळी घोळ होतोय

नमस्कार मंडळी, मी एमबीबीएस फायनल इयरला आहे आणि सर्जरीची प्रॅक्टिकल तोंडावर आलीये. थिअरी पाठ आहे हो, पण पेशंटसमोर गेलं की हात अडखळतो.

काल वॉर्डात साठीतले एक काका होते, उजव्या बाजूला फुगा, उभं राहून खोकले की लिंबाएवढा बाहेर यायचा आणि झोपले की आपोआप आत. प्युबिक ट्यूबरकलच्या (जांघेजवळचा हाडाचा छोटा उंचवटा) वर आणि आतल्या बाजूला होता म्हणजे इंग्वायनल (जांघेतल्या नळीच्या भागातला), फेमोरल (मांडीच्या रक्तवाहिन्यांशेजारून येणारा) असता तर खाली आणि बाहेरच्या बाजूला लागला असता, इथपर्यंत ठीक. मग फुगा आत ढकलून डीप रिंगवर (त्या नळीच्या आतल्या तोंडावर) अंगठा दाबला, काकांना खोकायला लावलं, तर अंगठ्याच्या आतल्या बाजूने थोडंसं काहीतरी आलंच. मी डायरेक्ट म्हणालो (इनडायरेक्ट डीप रिंगमधून येतो, डायरेक्ट थेट पोटाच्या भिंतीतून), सर म्हणाले परत बघ, तुझा अंगठाच चुकीच्या जागी आहे.

तर डीप रिंग तुम्ही नक्की कशी शोधता? एएसआयएस (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) ते प्युबिक ट्यूबरकलचा मध्य, त्याच्या साधारण सव्वा सेंटीमीटर वर, हे माहितीये, पण पोट सुटलेल्या माणसात ट्यूबरकलच सापडत नाही, तिथे काय करता? आणि जाड बायकांमध्ये फेमोरल सुटू नये म्हणून काय बघता, कारण तो अडकायची भीती जास्त, तो चुकलेला मला खरंच परवडणार नाही. सिनिअर्सनी प्लीज स्वतःची पद्धत सांगा.