मदत हवी आहे: नाताळ दरवर्षी आमच्याकडेच, कामाची वाटणी कशी करावी?

रात्रपाळी (धागाकर्ती):

मंडळी, जरा मोकळेपणाने लिहिते. उपाय हवा आहे, "चालायचंच" नको.

सासरे गेल्यापासून नाताळ आमच्याकडे असतो. सासूबाई आमच्याजवळ राहतात आणि घर त्यातल्या त्यात मोठं आहे, एवढंच कारण. तसं बसून कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक पडत गेलं. थोरले दीर-जाऊ मुलांना घेऊन २४ ला दुपारी येतात ते २७ ला जातात. नणंदेचं कुटुंब २५ ला सकाळी चर्चमधून थेट येतं. धाकटा दीर कधी उगवेल ते त्यालाही माहीत नसतं. शिवाय सासूबाईंच्या दोघी बहिणी, आणि त्यांना घेऊन येणारं कुणीतरी.

माणसं आली की मला आवडतं. हे आधीच सांगते, नाहीतर पहिलाच प्रतिसाद "मग बोलावू नका" असा येईल.

डिसेंबर लागला की घरच्या ग्रुपवर "वहिनी, काय आणू?" सुरू होतं. आता याचं उत्तर द्यायचं तर माणसं किती, मुक्कामी किती, फ्रिजमध्ये जागा किती, कोणाला काय वर्ज्य, हे सगळं आधी मीच मांडायचं. गेल्या वर्षी सांगायला वेळ झाला नाही, तर तीन घरांतून तीन गोड पदार्थ आले आणि कचऱ्याच्या पिशव्या संपल्या तेव्हा नवरा चपला घालून दुकानं उघडी आहेत का बघत फिरत होता.

२५ ला दुपारी साडेतीनचं चित्र सांगते. बाहेर भेटवस्तू उघडणं चाललेलं, हसण्याचे आवाज. मी सिंकपाशी. जाऊबाई रिकामा ग्लास घेऊन आत आल्या, भांड्यांचा ढीग बघितला, ग्लास अगदी अलगद, तोल सांभाळून सगळ्यांत वर ठेवला आणि "बाहेर ये गं, फोटो काढतोय" म्हणून गेल्या.

नवरा कामाला मागे नाही. खुर्च्या, गाद्या, लोकांना स्टेशनवरून आणणं सगळं करतो. पण "तू सांग, मी करतो" हे त्याचं ब्रीद.

यंदा २३ ला माझी रात्रपाळी आहे, बदलून मिळत नाही. म्हणून "या वेळी दुसऱ्या कुणाकडे करायचं का?" असं विचारलं. जाऊबाई म्हणाल्या घर लहान आहे आणि आईंना प्रवास झेपत नाही. दोन्ही खरं आहे. नणंद म्हणाली "मग साधंच करू" आणि दुसऱ्या दिवशी तिनेच लांबलचक मेनू पाठवला. सासूबाईंच्या कानावर गेलं, त्या दोन दिवस गप्प. भांडण न होता हे कसं बोलायचं? खर्चाचं बोलावं का? आणि सासूबाईंचं काय करू?

खारा_वारा:

जेवण बाहेरून मागवा. विषय संपला.

रात्रपाळी:

मागवलं तरी कोण कुठे झोपणार, चादरी पुरतील का, मावशींच्या गोळ्यांची वेळ, कोणत्या मुलाला भेट कमी-जास्त वाटेल, हे कोण मागवून देतं? जेवण हा त्यातला सोपा भाग आहे हो.

उंबरठा:

एकच सांगते. भावंडं नवऱ्याची आहेत, बोलणं नवऱ्याने करायचं. सून बोलली की ती तक्रार होते, मुलगा बोलला की ठराव होतो. अन्याय आहे, पण २५ तारीख काही तो मिटेपर्यंत थांबणार नाही.

चष्मेबहाद्दर:

उंबरठा, +१. अवांतर: नणंदेच्या मेनूवर फक्त "छान! यातलं तू काय करतेस?" एवढंच लिहा.

दुसरी_बाजू:

मी आमच्या घरातली "ती जाऊ" आहे, म्हणून लिहिते. रागावू नका.

मी भांडी घासायला घेतली की आमच्या धाकट्या जाऊबाई "अहो राहू द्या, तुम्ही पाहुण्या" म्हणत हातातून घासणी काढून घेतात. मी चिरलेली भाजी त्या माझ्यादेखत पुन्हा बारीक चिरतात. डबे कुठे हे विचारलं तर सांगण्यापेक्षा स्वतःच उठतात. मग मी हॉलमध्ये जाऊन बसते, आणि संध्याकाळी कानावर येतं की मी बसून असते.

शिवाय येणाऱ्याचा खर्च कुणी मोजत नाही. सणाच्या गर्दीत चौघांची तिकिटं, सगळ्यांच्या भेटी, तीन रात्री गादीवर आडवंतिडवं झोपणं, मुलांना "हळू, हात लावू नका" करत राहणं. तुमच्या जाऊबाई "घर लहान" म्हणाल्या, ते टाळणं असेलच असं नाही. लहान घरात माणसं बोलवायची लाज काय असते ते मला ठाऊक आहे. मात्र तो ग्लास वर ठेवून जाणं चूकच, त्यांची बाजू नाही घेणार.

रात्रपाळी:

दुसरी_बाजू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी घासणी काढून घेत नाही, शपथेवर सांगते. पण डबे कुठे आहेत ते आमच्याकडेही मलाच ठाऊक, हे बरोबर.

जुनाट_कपाट:

मोठा प्रतिसाद होणार, चहा घेऊन बसा.

आपण जास्त करतो असं घरात प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात कुणी खोटं बोलत नसतं. रॉस आणि सिकॉली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांचे वाटे एकत्र केले तर बहुतेक कामांत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. गंमत म्हणजे भांडण कोण उकरून काढतं, यातही. आपलं काम आपल्याला दिसतं, दुसऱ्याचं दिसत नाही. त्यामुळे "मी किती करते" या मुद्द्यावर बैठक बसवू नका, तिथे प्रत्येकाकडे आपापली वही असते.

तरीही धागाकर्तीची तक्रार खरी आहे आणि ती अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवली आहे. मिकेला दि लिओनार्डो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ च्या लेखात भेटीगाठी, पत्रं, फोन, भेटवस्तू आणि सणाचे मेळावे जमवणं याला "नातेकाम" म्हणावं असं मांडलं. ते घरकामाहून वेगळं असतं आणि बहुतेक बायकांच्या अंगावर पडतं. २०१९ मध्ये ॲलिसन डॅमिंजर यांनी जोडप्यांच्या मुलाखती घेऊन घरच्या डोकेकामाचे चार तुकडे पाडले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही बघणं. ठरवताना दोघं बऱ्यापैकी बरोबरीने असतात. पहिला आणि शेवटचा तुकडा मात्र बायकोकडे जास्त जातो. तुमच्या यजमानांचं "तू सांग, मी करतो" नेमकं इथे बसतं. गाद्या उचलणं त्यांचं, पण किती लागतील आणि चादरी धुतल्या का हे तुमचं.

म्हणून कामं वाटू नका, खाती वाटा. "एक भाजी आण" असं नको. "२५ चा नाश्ता तुझा" असं सांगा. म्हणजे काय करायचं, कुठून आणायचं, किती, कधी गरम करायचं आणि नंतरची भांडी, सगळं तिचं. तुम्हाला विचारायला आली तर "तू ठरव" म्हणायचं आणि खरंच गप्प बसायचं. नाश्त्याला बिस्किटं आली तर बिस्किटं खायची. अवघड भाग हाच आहे. मुक्कामाचं खातं यजमानांना पूर्ण द्या, चादरी मोजण्यापासून. धाकट्या दिराच्या येण्याचा भरवसा नसेल तर त्याला मागचं काम द्या: २५ ला जेवणानंतरची भांडी आणि कचरा. तोवर तो उगवलेला असतो.

आणखी एक. सगळं २५ लाच का? पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेत नाताळ एका दिवसाचा नसतो, २५ डिसेंबरपासून बारा दिवस धरतात आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो. जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळणारी ऑर्थोडॉक्स चर्चेस तर ७ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करतात. उपासनेची तारीख ठरलेली असते, पंगतीची नसते. २५ ला घरच्यांपुरतं आटोपशीर आणि मोठं जेवण २६ ला केलंत, तर रात्रपाळीनंतर तुम्हाला एक दिवस मिळतो.

उंबरठा:

सासूबाईंना २५ म्हणजे २५. कॅलेंडर दाखवून उपयोग नाही, लिहून ठेवा.

मीठमसाला:

वेगवेगळ्या घरांतून अन्न येणार असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रिज ५ अंशांच्या खाली, आणि पुन्हा तापवताना आतपर्यंत ७० अंश. म्हणून लांबून येणाऱ्याला शिजवलेलं आणायला सांगूच नका. त्यांच्याकडे पेयं, फळं, सुकं खाणं, नॅपकिन, कचऱ्याच्या पिशव्या. गरम पदार्थ जवळ राहणाऱ्यांचे किंवा तुमच्याच स्वयंपाकघरात येऊन केलेले. आणि डब्यांवर नाव चिकटवा. आमच्याकडे एक झाकण गेली तीन वर्षं मालक शोधतंय.

खर्चाबद्दल: आकडा मागू नका. किराण्याची यादी ग्रुपवर टाका आणि "ज्याने जे आणायचं त्यापुढे नाव लिहा" म्हणा. पैसे मागितल्यासारखं होत नाही आणि हिशेबही नको.

रात्रपाळी:

सगळ्यांचे आभार. नवऱ्याशी बोलले. तो आधी चिडला ("मी काय कमी करतो?"), मग चादरी मोजायला गेला आणि दोन कमी निघाल्या. संदेश तो टाकणार आहे. मसुदा बघा:

"यंदाही नाताळ आपल्याकडेच. २३ ला हिची रात्रपाळी आहे, त्यामुळे तयारी सगळ्यांनी मिळून करायची आहे. गैरसोयीबद्दल माफ करा. ताई, २५ चा नाश्ता पूर्ण तुझा. दादा-वहिनी, २४ ची रात्र तुमची, स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. धाकट्या, २५ ला जेवणानंतर भांडी आणि कचरा तुझा. झोपायची व्यवस्था मी बघतो. जमणार नसेल तर रविवारपर्यंत सांगा."

चष्मेबहाद्दर:

"गैरसोयीबद्दल माफ करा" काढा. कसली गैरसोय? बाकी झकास.

दुसरी_बाजू:

"स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात" हे मला कुणी लिहिलं असतं तर मी दोन दिवस आधी आले असते. फक्त तेवढ्या वेळात तुम्ही आत डोकावू नका. आणि जाऊबाईंना हे ग्रुपवर पहिल्यांदा कळू नये. आधी तुम्ही स्वतः फोन करा.

मीठमसाला:

सासूबाईंना विसरलात. त्यांच्या बहिणींना फोन करणं, कोण कधी येणार ते पक्कं करणं हे खातं त्यांना द्या. त्यांना सगळे एकत्र हवे आहेत ना, मग जमवण्याचं काम त्यांच्याकडेच शोभतं.

रात्रपाळी:

माफीचं वाक्य काढलं. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी दोघी बहिणींना तिथल्या तिथे फोन लावले. धाकटी मावशी येणार नाहीये असंही कळलं, ते आम्हाला २४ ला रात्री कळलं असतं.

जाऊबाईंना फोन केला. आधी थोडं अवघड झालं, "म्हणजे आम्ही काही करत नाही असं का?" वगैरे. मी म्हटलं, मला त्या दिवशी झोप हवी आहे, बाकी काही नाही. मग त्यांनी विचारलं मोठं पातेलं कुठे असतं. सांगितलं. कपाटांवर चिठ्ठ्या लावते आहे.

संदेश रात्री गेला. नणंदेचा अंगठा आला. धाकट्याने वाचलाय, उत्तर नाही. त्याच्या बाबतीत कुणाकडे काही युक्ती असेल तर सांगा.

उंबरठा:

डिस्पोजेबल ताटं आणू नका. बस.