अध्यक्षीय पद्धत हवी म्हणता? मग अख्खी घ्या

तिरकस
सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट आली. सारांश असा: अमेरिकेत अध्यक्ष एकदा निवडला की चार वर्षं निवांत, आमदार फुटत नाहीत, कुणाला हॉटेलात कोंडावं लागत नाही, मंत्री आपापल्या विषयातले तज्ज्ञ असतात, तेव्हा भारतानेही अध्यक्षीय पद्धत आणावी. खाली अंगठ्यांची रांग. मी तिथेच उत्तर दिलं असतं तर 'ग्रुपवर राजकारण नको' म्हणून दटावलं असतं. मूळ पोस्ट मात्र राजकारणात मोडत नाही, ती देशभक्ती. म्हणून इथे लिहितोय.

निवांत? २०१८-१९ च्या हिवाळ्यात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून अध्यक्ष आणि काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) अडून बसले आणि केंद्र सरकारची कितीतरी खाती ३५ दिवस बंद पडली. कर्मचारी बिनपगारी. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत पडला तर सरकार जातं. तिकडे सरकार राहतं आणि कामकाज जातं.

तज्ज्ञ मंत्री म्हणाल, तर आहेत. पण त्या प्रत्येकाला आधी सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीपुढे बसून खरडपट्टी काढून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही. आपल्याकडे कुठल्या मंत्र्याला शपथेआधी 'तुम्हाला या खात्यातलं काय कळतं' असं कुणी विचारलंय?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०१७, ओबामांची आरोग्यविमा योजना मोडीत काढायचं विधेयक. सिनेटमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे ५२. तरी विधेयक ४९ विरुद्ध ५१ नी पडलं, कारण त्यांच्यातल्या तिघांनी विरोधात मत दिलं. त्यातल्या जॉन मॅकेननी तर भर सभागृहात अंगठा खाली केला. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप (पक्षाचा आदेश) मोडून असा अंगठा खाली केला की खासदारकीवर गंडांतर.

अमेरिकेकडून शिकायचं तर हे शिका. पोस्टवाल्यांना यातलं काहीच नकोय, त्यांना फक्त न हलणारा माणूस हवाय. ४ नोव्हेंबर १९४८ ला राज्यघटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचं उत्तर देऊन ठेवलंय: तिकडे स्थैर्य जास्त, इकडे जबाबदारी जास्त, आणि आपण जबाबदारीला झुकतं माप दिलंय.

स्पष्टच_सांगतो
जबाबदारी! वा. २०१९ ला मी एक मत दिलं. त्या एका मतात पहाटेचा शपथविधी आणि चौथ्या दिवशी राजीनामा, मग दुसरं सरकार, मग २०२२ ला तिसरं. मत एक, मुख्यमंत्री तीन. यातला कोण मला जबाबदार होता ते तिरकसरावांनी सांगावं. एवढं करून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी बहुमत चाचणी लावली ते चुकलंच, पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे घड्याळ मागे फिरवता येत नाही. म्हणजे चूक झाली, पण झाली ती झाली.

आणि मॅकेनचं काय कौतुक सांगता? त्याने अंगठा खाली केला तरी ट्रम्पची खुर्ची हलणार नव्हती, म्हणून तो करू शकला. तुम्हाला मॅकेन हवा पण तो ज्या झाडाला लागतो ते झाड नको. दहावी अनुसूची उद्या काढलीत तर परवा आयाराम गयाराम हजर. १९६७ मधलं हरियाणा आठवा.

शब्दच्छल
'प्रजासत्ताक' आणि 'अध्यक्षीय' यांची गल्लत होते आहे. भारत प्रजासत्ताक आहेच. प्रजासत्ताक म्हणजे राष्ट्रप्रमुख वंशपरंपरेने न येणं, इतकंच.

दूरबीन
थेट निवडीच्या भक्तांसाठी एक देश: इस्रायल. तिथेही युत्यांना कंटाळून पंतप्रधान थेट लोकांतून निवडायचा कायदा केला. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन निवडणुका झाल्या आणि २००१ मध्येच कायदा गुंडाळला. एक मत पंतप्रधानाला आणि दुसरं पक्षाला म्हटल्यावर लोकांनी दुसरं मत मोकळ्या मनाने छोट्या पक्षांना दिलं. मोठे पक्ष आक्रसले, युत्या आणखी किचकट झाल्या. पाच वर्षांत पंतप्रधान किती? तीन. स्पष्टच सांगायचं तर आकडा ओळखीचा वाटतोय.

आणि तिरकसराव, तुमच्या त्या बाणेदार सिनेटनेच २०२१ च्या महाभियोगात ५७ विरुद्ध ४३ मत दिलं आणि दोन तृतीयांश होत नाहीत म्हणून आरोपी, म्हणजे ट्रम्प, सुटला. शेजारचं बघा. श्रीलंकेत १९७८ पासून बलाढ्य राष्ट्राध्यक्ष. त्याला घालवायला २०२२ मध्ये लोकांना त्याच्या निवासस्थानात घुसावं लागलं.

शिवारातून
इतक्या लांब कशाला जाता? थेट निवड आपल्या गावात आलीय की. २०१७ पासून सरपंच थेट जनतेतून. २०२० ला आघाडी सरकारने काढली, २०२२ ला पुढच्या सरकारने परत आणली.

आमच्या वहिनी थेट निवडून आल्यात. सदस्य नऊ, त्यातले सहा विरोधी पॅनेलचे. मासिक सभेत वहिनी विषय मांडतात, सहाजण हात वर करून नामंजूर करतात, चहा पिऊन जातात. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव चार वेळा पडलाय. लोक वहिनींना अडवून विचारतात, तुम्हाला निवडून दिलं ना? सदस्यांना विचारलं तर ते म्हणतात, सरपंच तुम्ही निवडलाय, त्यांनाच विचारा. आता सांगा जबाबदार कोण.

स्पष्टच_सांगतो
वहिनींबद्दल वाईट वाटलं, पण आधीचे दिवस विसरलात काय? आमच्या गावात निकाल लागला त्याच रात्री पाच सदस्य 'सहली'ला गेले. अकरा दिवस. देवदर्शन, समुद्र, सगळं झालं. आले ते थेट सरपंच निवडीच्या सभेला, गाडीतून उतरून हात वर करायला. माझा सख्खा चुलतभाऊ त्यात होता. आजही घरात त्या सहलीचा फोटो लावलाय त्याने. त्यापेक्षा टाकी गळकी राहिलेली परवडली.

शिवारातून
तुम्हाला परवडली, कारण तुम्ही शहरात नळाखाली अंघोळ करता. पाणी आणायला हंडा घेऊन जाऊन बघा.

स्पष्टच_सांगतो
मी कुठे राहतो याचा काय संबंध? आणि तुमच्या वहिनींना सदस्यांशी बोलता येत नसेल तर त्यात कायद्याचा काय दोष? सांभाळून घ्यावं लागतं.

शिवारातून
सांभाळून घ्यावं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मग तुमच्या भावाची सहल काय वाईट होती?

तिरकस
धागा अमेरिकेवर होता हो.

सुमनताई
असू दे की, यातच जास्त कळतंय. मी नगरपालिकेत सतरा वर्षं नोकरी केली, दोन्ही प्रकारचे नगराध्यक्ष पाहिले. नगरसेवकांतून आलेला रोज नगरसेवकांच्या मिनतवाऱ्या करायचा. थेट आलेला दोन महिने रुबाबात होता, मग तोही तेच करायला लागला. फरक इतकाच की पहिल्याला काढता येत होतं. थेट सरपंचाला काढायचं तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. कोण करतंय एवढं?

बाकी थेट निवडीत बायका खरोखर स्वतः निवडून आल्याचं मी पाहिलंय, नवऱ्याने बसवलेल्या नाही. तेही लिहून ठेवते, नाहीतर स्पष्टच_सांगतो यांना वाटेल मी त्यांच्या विरोधात आहे. आहेच, पण अर्धी.

पायरी
राज्यसभेबद्दल कुणीच कसं बोलत नाही? अमेरिकेत वायोमिंगला दोन सिनेटर, कॅलिफोर्नियालाही दोनच. आपल्याकडे उत्तर प्रदेशला ३१ आणि गोव्याला एक. त्यात २००३ पासून त्या राज्याचा रहिवासी असण्याचीही अट नाही. मग तिला राज्यांची सभा म्हणायचं कशासाठी? पराभूतांचं विश्रामगृह म्हणा.

दूरबीन
वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखही नाही. तसला नियम इथे आणलात तर महाराष्ट्र आणि सिक्कीम एका तराजूत. चालेल?

पायरी
चालेल. निदान सिक्कीमचं कुणीतरी ऐकेल.

तिरकस
मूळ मुद्द्यावर येतो. मॅकेनचं झाड वेगळं आहे हे स्पष्टच_सांगतो यांचं म्हणणं मला दोन दिवस टोचतंय. बरोबर आहे, असं लिहायला हात वळत नाही, पण अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ब्रिटन बघा. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार (युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा) २३० मतांनी आपटला, त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार विरोधात. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला आणि तेच खासदार त्यांच्या मागे उभे राहिले, सरकार टिकलं. म्हणजे संसदीय पद्धतीतही विरोधात मत देता येतं. व्हिप फक्त विश्वासदर्शक ठरावाला आणि पैशांच्या विधेयकाला बंधनकारक ठेवा, बाकी खासदाराला मोकळं सोडा. अध्यक्ष आणायची गरज नाही.

जर्मनीचंही घ्या. तिथे चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, पाडायचं तर त्याच ठरावात पुढचा कोण ते निवडावं लागतं. १९८२ मध्ये श्मिट गेले आणि त्याच मतदानात कोल आले. आपल्याकडे एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी एका मताने पडले, पर्यायी सरकार कुणालाच जमेना आणि देश पुन्हा निवडणुकीला.

शब्दच्छल
ब्रिटन प्रजासत्ताक नाही.

तिरकस
माहीत आहे!!

स्पष्टच_सांगतो
जर्मनीचं मान्य. ते आणा, मी अध्यक्षीय पद्धतीचा हट्ट सोडतो. पण त्याने फुटाफूट थांबत नाही, फक्त नवा माणूस आधी ठरवून फुटतात. २०२२ ला वेगळं काय झालं? आणि खासदाराला मोकळं सोडा म्हणताय ते ब्रिटनच्या खासदाराबद्दल बोला. आमच्याकडचा मोकळा सोडला की सहलीला जातो.

सुमनताई
शिवारातून, टाकीचं पुढे काय झालं?

शिवारातून
परवा पाचव्यांदा विषय घेतला. या वेळी तीन विरुद्ध सहा नव्हतं, चार विरुद्ध पाच झालं. फुटलेला सदस्य म्हणाला, माझ्या आळीलाच पाणी येत नाही. पुढच्या महिन्यात अजून एकाच्या आळीचं बंद होईल अशी वाट बघतोय.