मदत हवी आहे: घाट चढताना गाडी बंद पडते, अर्धा तास उठतच नाही

सिंहगडरोड
नमस्कार. जरा तातडीचं आहे. गाडी चालता चालता एकदम बंद पडते. आचके नाहीत, आवाज नाही, थेट बंद. मग कितीही सेल्फ मारा, उठत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने काही झालंच नव्हतं अशी चालू होते आणि घरापर्यंत नीट येते. काल खंबाटकी चढताना बंद पडली. मागच्या सीटवर आई आणि मागे ट्रकची रांग. बॅटरी नवी टाकली, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. गॅरेजवाला म्हणतो, गाडी ओके आहे. शुक्रवारी परत साताऱ्याला जायचंच आहे. नक्की काय बदलायचं तेवढं सांगा.

पाना_दहाचा
गाडी कोणती? वर्ष? पेट्रोल की डिझेल? "उठत नाही" म्हणजे सेल्फ फिरतो आणि इंजिन पकडत नाही, की सेल्फच फिरत नाही? या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

रानजाई
बॅटरीचे टर्मिनल बघा. आमच्याकडे पांढरी बुरशी धरली होती, गरम पाण्याने धुतल्यावर गाडी झकास.

सिंहगडरोड
@रानजाई बॅटरी नवी आहे, वर लिहिलंय.
@पाना_दहाचा २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, लोक त्यावरच भांडत बसतात. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही.

जुनी_पद्मिनी
ही व्हेपर लॉकची केस आहे, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा थांबतो. आमच्या प्रीमियर पद्मिनीचं कात्रजच्या चढावर हेच व्हायचं. बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं, चहा होईपर्यंत गाडी तयार. तुम्हीही एक फडकं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

पाना_दहाचा
काका, पद्मिनीला कार्ब्युरेटर होता आणि पंप इंजिनाला चिकटलेला, म्हणून तो तापायचा. २०१३ च्या गाडीत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. तिथे वाफ धरण्याची शक्यता फार कमी.

कोरडवाहू
कारण सरळ आहे: ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. २०१३ ची गाडी त्या इंधनासाठी बनलेलीच नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप आणि सील खराब करतं. पंप बसला असणार. टाकी रिकामी करून साफ करा.

ऊसाचं_पाचट
प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दुखण्याला इथेनॉल जबाबदार कसं? आमच्या भागात कारखान्याने इथेनॉल काढायला घेतलं तेव्हा उसाचे पैसे वेळेवर यायला लागले. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर गाडी सकाळी थंड असतानाही कुरकुरली असती. यांची थंड गाडी व्यवस्थित चालू होते.

कोरडवाहू
शेतकऱ्याला पैसे मिळावेत याला माझा विरोध नाही. पण जुन्या गाडीवाल्याला साधं पेट्रोल घेण्याचा पर्याय नको का? मायलेज घटतं हे तरी मान्य करा.

पाना_दहाचा
इथेनॉलचा वेगळा धागा काढा. इथे एक माणूस आईला घेऊन घाटात अडकतोय. @सिंहगडरोड, तीन गोष्टी सांगा. बंद पडल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते का? आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का?

सिंहगडरोड
दिवा लागत नाही. बाकी लक्षात नाही, मागून हॉर्न वाजत असताना कोण बघतो. आणि ती सीएनजीवर असतानाच बंद पडते, पेट्रोलवर टाकलं तरी उठत नाही.

पाना_दहाचा
सीएनजी आहे?! हे पहिल्याच ओळीत हवं होतं, यानेच अर्धं कोडं सुटतं. गाडी सीएनजीवर चालत होती म्हणजे बंद पडली त्या क्षणी इंजिनात पेट्रोल जातच नव्हतं. मग पंप, पेट्रोल फिल्टर, ई-२० यातल्या कशानेही ती बंद पडलेली नाही. दोन्ही इंधनांवर मरते म्हणजे दोघांना सामाईक काहीतरी जातंय. स्पार्क कधी टाकायचा आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे ईसीयूला (गाडीच्या संगणकाला) क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचा दांडा कसा फिरतोय ते टिपणारा भाग, सांगतो. तो तापला की आतली तार तुटल्यासारखी होते, सिग्नल थांबतो, गाडी मरते. थंड झाला की पुन्हा जोडली जाते. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत.

घाटवाट
इतकं छातीठोक सांगू नका. मी सीएनजी किटचंच काम करतो. गॅसवर बंद पडायला रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा गॅस फिल्टर पुरेसा आहे. आणि पुन्हा चालू न होण्याचं कारण वेगळं असू शकतं, कारण गाडी सुरू पेट्रोलवरच होते. सीएनजीवाले टाकीत जेमतेम रिझर्व्हपुरतं पेट्रोल ठेवतात. पंपाला थंडावा त्या पेट्रोलनेच मिळतो. ते नसेल तर पंप तापून बसतो. @सिंहगडरोड, टाकीत पेट्रोल किती असतं?

सिंहगडरोड
काटा बहुतेक खालच्या रेघेवरच असतो.

घाटवाट
बघा. आधी दहा लिटर टाका.

पाना_दहाचा
दहा लिटर टाकाच, पंपासाठी चांगलं आहे. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे एकाच क्षणी दोन वेगळे बिघाड व्हायला हवेत, तेही दर वेळी. निकाल काटा देईल. सेल्फ फिरताना बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटा थोडा वर येतो. शून्यावर चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरवर संशय. काटा हलतोय पण पंपाची घूं नाही, तर पंप, त्याचा रिले, फ्यूज.

आणि गॅरेजवाल्याला गाडी ओके का वाटते तेही समजून घ्या. गाडी त्याच्याकडे पोचते तेव्हा थंड झालेली असते. चालू गाडीत हा बिघाड सापडत नाही, ती मेलेली असतानाच बघावी लागते. त्याच्या अंगणात एसी लावून, रेडिएटरचा पंखा चार-पाच वेळा फिरेपर्यंत गाडी उभी चालू ठेवा. मेली की लगेच स्कॅनर (गाडीचा संगणक वाचायचं यंत्र) लावायचा आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का ते बघायचं. पी-०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला तर उत्तमच, पण कधीकधी कोड नोंदलाच जात नाही. दिवा लागला नाही म्हणून सेन्सर चांगला, असं धरू नका.

जुनी_पद्मिनी
मग माझं ओलं फडकं इथेही कामाला येईल. पंपाऐवजी सेन्सरवर.

पाना_दहाचा
काका, अगदी बरोबर! मेलेल्या गाडीत फक्त सेन्सरवर ओलं फडकं धरायचं. पाच मिनिटांत उठली तर चोर सापडला. फक्त गरम सायलेन्सरवर किंवा इंजिनावर पाणी ओतू नका.

डोंबिवली_फास्ट_लेन
माझी स्कूटर पावसात बंद पडते, त्यालाही हाच सेन्सर असतो का?

रानजाई
मला गाडीतलं कळत नाही, पण शुक्रवारी आईंना त्याच गाडीतून नेऊ नका. एसटी आहे, भाड्याची गाडी आहे. आणि महामार्गावर अडकलात तर १०३३ ला फोन करा, क्रेन येते.

घाटवाट
ताईंचं बरोबर आहे. गाडी चालताना बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन वेळा दाबेपर्यंतच टिकते. ब्रेक पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून कडेला घ्या. चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. धोक्याचे दिवे (चारही इंडिकेटर) लावा आणि सगळ्यांना गाडीबाहेर, रस्त्यापासून लांब सुरक्षित जागी उभं करा.

सिंहगडरोड
सगळ्यांचे आभार. आज गॅरेजमध्ये एसी लावून गाडी उभी तापवली. बऱ्याच वेळाने मेली. पंपाची घूं स्पष्ट ऐकू आली. काटा शून्यावर, स्कॅनरवरही आरपीएम शून्य. कोड नाही. फिटरने खालून सेन्सरवर ओलं फडकं धरलं आणि थोड्या वेळात गाडी उठली. नवा सेन्सर टाकला. त्याच्या कनेक्टरची क्लिपही तुटलेली होती, तीही बदलली. नंतर तेवढाच वेळ परत तापवली, बंद पडली नाही. शुक्रवारी आईला एसटीनेच आणतोय. रविवारी एकटा खंबाटकी चढून बघेन आणि इथे लिहीन.

घाटवाट
छान. पेट्रोल टाकलंत ना?

सिंहगडरोड
हो, दहा लिटर.

कोरडवाहू
ते ई-२० च असणार. पाइप तेवढे एकदा बघून घ्या.

डोंबिवली_फास्ट_लेन
स्कूटरचं कोणी सांगेल का?

पाना_दहाचा
वेगळा धागा काढा, येतो तिथे. वर्ष, इंजिन आणि सेल्फ फिरतो का, हे पहिल्याच ओळीत लिहा.