मदत हवी आहे: दॉर्दोन्यमधले किल्ले गाडीशिवाय होतील का?

वाटसरू२
फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागात किल्ले आणि जुने वाडे बघायला जायचं ठरलंय. बेनाक, कास्तेलनो, मिलांद, ओतफोर आणि मार्केसाकच्या बागा एवढं नक्की. जमलं तर लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा. तीन-चार दिवस आहेत, पॅरिसहून येणार. ट्रेन आणि बसने होईल ना? नकाशात बस दिसतच नाही, आणि दिसते ती दिवसाला एक. तीही शाळेच्या मुलांची असावी असा संशय आहे. मुक्काम कुठे करावा? घरातले सगळे आहेत. जरा लवकर सांगा, आज रात्री तिकिटं काढायची आहेत, भाव तासातासाला चढतायत.
लुआर व्हॅली सुचवू नका, ती झाली आहे.

तांबडापांढरा
गाडी नसेल तर लुआर व्हॅलीच करा. ब्लुआला स्टेशनवरून किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. शनोंसोला तर ट्रेनमधून उतरलात की किल्ल्याचं फाटक समोरच. शाँबोरला हंगामात ब्लुआहून बस असते. तो दुहेरी गोल जिना बघाच, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत. दॉर्दोन्य म्हणजे नुसती शेतं आणि बदकं.

वाटसरू२
शेवटची ओळ वाचा की राव.

बोर्दोकर
इथे जवळच राहतो म्हणून लिहितोय. पॅरिस ते बोर्दो वेगवान गाडीने दोन तासांच्या आसपास. पुढे बोर्दोहून दॉर्दोन्यमधल्या सार्ला गावाला छोटी गाडी, ती आणखी पावणेतीन तास घेते आणि दिवसाला मोजक्याच फेऱ्या. सार्ला स्टेशन जुन्या गावाच्या बाहेर आहे, तिथवर बॅगा ओढत चालावं लागतं. तिथून बेनाक दहा-बारा किलोमीटर. कास्तेलनो, मिलांद, मार्केसाक त्याच नदीकाठच्या पट्ट्यात. ओतफोर मात्र पार उत्तरेला, पन्नासेक किलोमीटर. बसचा तुमचा संशय बरोबर आहे.
आता तुम्ही सांगा. किती जण? कोणत्या महिन्यात? गाडी चालवणारं कोणी आहे का? हे न कळता काही सांगणं म्हणजे हवेत गोळीबार.

वाटसरू२
दिवाळीच्या सुट्टीत, आणखी कधी? मी, बायको, मुलगा, आई-बाबा. लायसन्स आहे. पण परदेशात उलट्या बाजूने चालवायची नाहीये म्हणून तर बस विचारतोय.

शेवग्याची_शेंग
दिवाळी ऑक्टोबरातली की नोव्हेंबरातली? तिकडे यावर सगळं अवलंबून आहे हो.

वाटसरू२
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

बोर्दोकर
मग यादी आधी तपासा. एक नोव्हेंबरच्या आसपासच्या शाळांच्या सुट्ट्या संपल्या की इकडचा हंगाम आटोपतो. बेनाक, कास्तेलनो आणि मार्केसाक वर्षभर चालू असतात. ओतफोर आणि मिलांदच्या साइटवर तारखेसकट वेळ बघा, आठवड्याच्या मधल्या वारी दार बंद असण्याचीच शक्यता जास्त. ला रोक-गाजाकहून सुटणाऱ्या सपाट तळाच्या लाकडी नावा त्या सुमारास थांबतात. ११ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी, दुकानं बंद. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे साडेपाच-पावणेसहाला अंधार. दिवसाला दोन किल्ले म्हणजे डोक्यावरून पाणी.

गुलबकावली
मार्केसाकला गुरुवारी संध्याकाळी जा! बागेत हजारो मेणबत्त्या लावतात, आम्ही गेलो होतो, अप्रतिम.

बोर्दोकर
ते जुलै-ऑगस्टमध्ये, ताई. पण नोव्हेंबरात मार्केसाक सोडू नका. तिथली बॉक्सवुडची झुडपं सदाहरित आहेत, दीड लाखांच्या आसपास, आणि सगळी कात्रीने हातानं छाटलेली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मालकाने, ज्युलियँ द सेर्वालने लावली. पानगळीत बाकीच्या बागा उघड्याबोडक्या होतात, ही हिरवीच. धुकं उतरलं की समोरचा बेनाक नाहीसा होतो आणि परत येतो.

दुर्गवेडा
बेनाकला पायथ्याच्या गावातून चढा, गाडीनं वर जाण्यात काय मजा? नदीकाठी उतरून दगडी गल्लीतून वर. इंग्लंडच्या रिचर्डच्या ताब्यात हा किल्ला होता, समोरच्या तीरावरच्या कास्तेलनोत शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ इंग्रज बसलेले. दोन किल्ले एकमेकांच्या डोळ्यात बघत बसलेत. ते चढून बघितलं की कळतं. राजगड केलेल्या माणसाला ही चढण म्हणजे टेकडी.

शेवग्याची_शेंग
आई-बाबा सोबत आहेत हे वाचलंत का? त्या गल्लीतले दगड घासून गुळगुळीत झालेत, पावसात उभं राहता येत नाही. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. बेनाकला मागच्या बाजूने वर पठारावर गाडी जाते, तिथेच वाहनतळ आहे. आत मात्र अरुंद जिने आहेतच, कठडा कुठे आहे कुठे नाही. कास्तेलनोला गाडी खाली लावून चढावंच लागतं. वाटसरू, आईंचे गुडघे कसे आहेत?

वाटसरू२
गुडघे दुखतात तिचे. काठी घेऊन चालते. पण किल्ल्यात बघण्यासारखं काय आहे तेवढं सांगा, दवाखान्याचा धागा करू नका.

दुर्गवेडा
कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे. बाहेर बुरुजावर दगडफेकीची प्रचंड यंत्रं पूर्ण मापात उभी केलीत. मुलगा असेल तर तिथून हलणार नाही. आत धनुष्यं, चिलखतं, तलवारी, तेही नुसते काचेत टांगलेले नाहीत, एकेक हत्यार कसं चालतं ते दाखवतात. माझ्या मते अख्ख्या भागात पैसे वसूल होणारी जागा हीच.

शेवग्याची_शेंग
आईंना कास्तेलनोच्या वाटेवर चढवण्यापेक्षा मिलांद. मिलांद चालू असेल तर तेच. १४८९ चा वाडा, पण बघायचा तो जोसेफिन बेकरसाठी. गावठी भाषेत सांगायचं तर पॅरिस गाजवलेल्या नर्तकीचं घर. युद्धात हेरगिरी केली, फ्रेंच प्रतिकार चळवळीत होती, १९४७ मध्ये वाडा विकत घेतला आणि वेगवेगळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली. काळ्या फरशांचं आणि सोनेरी छताचं तिचं न्हाणीघर आहे, एका अत्तराच्या बाटलीवरून सुचलेलं. बाबा तिथे "एवढा खर्च न्हाणीवर?" म्हणतील, आमचे म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारापाशी या. कर्जापायी १९६९ मध्ये घराबाहेर काढली तेव्हा अनवाणी, डोक्याला टोपी, अंगावर गाऊन अशी ती पायरीवर बसलेली, त्याचा फोटो आहे. २०२१ मध्ये तिला पँथेओनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, मान मिळाला. कुठल्याही तोफेपेक्षा मला ती पायरी जास्त लक्षात राहिली.

दुर्गवेडा
तो किल्ला नव्हे, बंगला आहे.

शेवग्याची_शेंग
धाग्यात "जुने वाडे" लिहिलंय. चष्मा लावा.

खडूस_आजोबा
परदेशातल्या चार भिंती बघायला लाखो घालवायचे आणि आपले गड ढासळत चाललेत. कोणाला पडलीय?

दुर्गवेडा
आजोबा, २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. राजगडही त्यात आहे, जिंजीही.

खडूस_आजोबा
दर्ज्याने शौचालय बांधलं का?

बोर्दोकर
आजोबांचा मुद्दा अवांतर असला तरी सांगतो. इथले बरेच वाडे खासगी मालकीचे आहेत. वारसावास्तू म्हणून नोंद असली की डागडुजीच्या खर्चावर करसवलत मिळते, पण पूर्ण सवलत हवी तर लोकांना आत सोडावं लागतं. म्हणून तिकीट, म्हणून दुकान, म्हणून शिकारी पक्ष्यांचे खेळ. ओतफोर १९६८ च्या ऑगस्टमध्ये जळून खाक झाला, तोही मालकीणबाईंनी वर्षानुवर्षं दुरुस्ती केल्यावर. बाईंनी परत उभा केला. बुरुजाच्या माळ्यावर छताचा लाकडी सांगाडा बघता येतो, मी मित्रांना तिथेच आधी नेतो.
आता अवांतराचा माझा वाटा. बेनाकच्या बाह्यवळण रस्त्याचं काम २०१८ मध्ये न्यायालयाने थांबवलं. पुलाचे खांब नदीत उभे राहिले आणि पाडायचे की ठेवायचे यावर इकडे वर्षानुवर्षं भांडणं. मुंबई-गोवा महामार्गाची आठवण येते.

पुलाखालचं_पाणी
पाडायचे कशाला? खर्च तर झालाय!

वाटसरू२
खांब सोडा हो. बस नाही, नाव नाही, अर्धे बंद. मग करू काय? टॅक्सी?

बोर्दोकर
सार्लात टॅक्सी आहेत, पण थोड्या. आधी ठरवून ठेवाव्या लागतात, रस्त्यात हात दाखवून थांबत नाहीत. एखाद दिवस बेनाक आणि मार्केसाक टॅक्सीने होईल. सगळी यादी टॅक्सीने केलीत तर तेवढ्यात गोवा होतं. गाडी घ्याच. लायसन्स भारतातलं आहे का?

वाटसरू२
हो. महाराष्ट्राचं, स्मार्ट कार्ड.

पुलाखालचं_पाणी
मग चालतं. इंग्रजीत आहे ना, काही लागत नाही. मी चालवली आहे.

बोर्दोकर
चालवली असेल, पोलीस भेटले नसतील. फ्रान्समध्ये सोबत फ्रेंच भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून निघतो आणि वर्षभर चालतो. इथे येऊन मिळत नाही, तेव्हा निघायच्या आधी काढा. आणि गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं. डेबिट कार्डावर अनामत घेणार नाही असं एका कंपनीने माझ्या भावाला काउंटरवर सांगितलं, तेही आगाऊ पैसे भरल्यावर.
गिअरची गाडी स्वस्त, ऑटोमॅटिक महाग आणि कमी. उजव्या बाजूने चालवण्याची सवय अर्ध्या दिवसात होते. त्रास होतो तो गावातल्या चौकात. फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बारक्या गल्लीतून का येईना.

कोथिंबीर
जेवणाचं कोणीच बोललं नाही! शाकाहारी आहात का?

वाटसरू२
आई-बाबा शुद्ध शाकाहारी. अंडंही नाही. आम्ही खातो.

कोथिंबीर
मग कान देऊन ऐका. तिथे "सार्लाचे बटाटे" म्हणून पदार्थ आहे. नुसते बटाटे, लसूण, कोथिंबिरीसारखं काहीतरी. वाटतं वा, काचऱ्याच झाल्या. त्या बदकाच्या चरबीत परततात! सॅलडमध्येही बदकाचं मांस निघतं, न सांगता. शेळीच्या दुधाचं गरम चीज घातलेलं सॅलड असतं, तेही विचारूनच घ्या. अक्रोडाचा केक भारी आहे पण अंडं असतं. दुपारी बारा ते दोनच स्वयंपाकघर चालू, अडीचला गेलात तर कॉफी. स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, कुकर बरोबर न्या.

तांबडापांढरा
लुआरला पिझ्झा मिळतो.

शेवग्याची_शेंग
कोथिंबीर +१. सार्लाच्या आत नको, बाहेर खेड्यात घर घ्या, आईंना पायऱ्या नसलेलं, गाडी दाराशी लागेल असं. उन्हाळ्यात शनिवार ते शनिवार असा आठवडाच द्यावा लागतो, नोव्हेंबरात तीन-चार रात्री मिळतील. बुधवारी आणि शनिवारी सार्लाचा बाजार, तिथून भाजी.

दुर्गवेडा
लास्कोचं काय? विसरलात. खरी गुहा १९६३ पासून बंद आहे, श्वासाच्या दमटपणाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून. मोंतिन्याकला २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती बघायची. वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर नुसती फ्रेंच फेरी शिल्लक असते. आईंनाही जमेल, जिने नाहीत फारसे.

बोर्दोकर
माझा सल्ला: ओतफोर या खेपेला सोडा. बोर्दोला उतरा, तिथेच गाडी घ्या, लहान गावात भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस रविवारी बंद असतं. एक दिवस बेनाक वरच्या वाटेने आणि मार्केसाक. एक दिवस कास्तेलनो, तिथे तुम्ही आणि मुलगा वर जा, बाकीचे खाली नदीकाठी. मिलांद उघडं असेल तर त्याच दिवशी, जवळ आहे. एक दिवस लास्को. कास्तेलनो आणि मार्केसाकचं जोडतिकीट मिळतं का ते विचारा.
मुलगा किती वर्षांचा? दहाच्या आतला असेल तर मागेच बसवायचा, उंचीप्रमाणे आसन लागतं. ते गाडीबरोबरच मागा.

वाटसरू२
आठ. ठीक आहे, बोर्दोपर्यंत ट्रेन आणि तिथून गाडी. छोटी ऑटोमॅटिक दिसतेय, बरी आहे.

बोर्दोकर
छोटी? पाच माणसं आणि तुमच्या बॅगा? आधी बॅगा मोजा.

वाटसरू२
सहा. मावशीपण येतेय ना. लिहिलं नव्हतं का?

बोर्दोकर
नव्हतं. सात सीटची बघा, आणि ती मोठी गाडी गावातल्या गल्ल्यांत घालू नका. आजच शोधा, ट्रेनच्या तिकिटांच्या आधी.

वाटसरू२
तिकिटं मघाशीच काढली. परत न होणारी.

कोथिंबीर
मावशी सगळं खातात का? तर त्यांना बदकाचं कॉन्फी, म्हणजे चरबीत मंद शिजवलेलं बदक, एकदा द्याच, आणि सांगा कसं वाटलं.