संडासचे दोन्ही खड्डे एकदमच भरले, गावी आईचे हाल होऊन राहिले, मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरला राहते, माहेर काटोल तालुक्यात. घरी आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. २०१६ मध्ये १२ हजारांच्या अनुदानातून दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधला तेव्हा आई किती खूश झाली होती ते मी विसरले नाही, कारण आम्ही बायका पहाटे अंधारात नाहीतर दिवेलागणीनंतरच रस्त्याच्या कडेला जायचो आणि गाडीचा लाईट पडला की उठून उभं राहायचं.

आता पंधरा दिवसांपासून भांड्यातलं पाणी उतरूनच नाही राहिलं. दादाने झाकणं काढून पाहिलं तर दोन्ही खड्डे तुडुंब. मिस्त्रीने चेंबरमध्ये (जिथून मैला दोन खड्ड्यांकडे वाटला जातो) एका बाजूचं तोंड बंदच केलं नव्हतं, दोन्हीकडे सोबतच जात होतं, एका वेळी एकच वापरायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मागच्या वर्षी नवीन न्हाणी बांधली तिचा पाईप पण त्याच चेंबरला जोडला. जमीन काळी, पावसाळ्यात थेंब मुरत नाही.

बाबा परत वावरात जाऊन राहिले, आणि खड्ड्यातला मैला काढायचं नावही त्यांना नको. आईचे गुडघे गेलेत, तिला तेवढं चालणं होत नाही, म्हणून ती रात्री अर्धीच भाकर खाते आणि पाणी पीत नाही. हे तिने नाही, वहिनीने सांगितलं.

गावातले एक काका म्हणतात दोन्ही बुजवा आणि एकच १५ फूट खोल खोदा, खाली पाणी लागलं की जन्मात भरणार नाही. पण आमची विहीर तिथून ३५ फुटांवर आहे आणि पिण्याचं पाणी तेच, म्हणून मला भीती वाटते. ज्यांनी घरी काही केलं असेल त्यांनी प्लीज सांगा. आणि ॲसिड ओतल्याने मोकळं होते का?

प्रतिसाद (उमरेडकडून):
ताई, १५ फुटाचं अजिबात करू देऊ नका. घाण सरळ भूजलात जाईल आणि तीच विहिरीत येईल. खड्डा चार फुटाच्या आसपासच ठेवतात, तळाला सिमेंट करत नाहीत, विटांची जोडाई जाळीची, म्हणजे मधे फटी ठेवून. ॲसिड तर नकोच, मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. आधी न्हाणीचा पाईप तोडा, त्या पाण्यासाठी वेगळा शोषखड्डा करा नाहीतर परसबागेत सोडा, अर्धं दुखणं तिथंच आहे. आमच्याकडे पण काळीच माती, आम्ही विहिरीच्या उलट्या बाजूला तिसरा खड्डा घेतला, जोडाईच्या बाहेरून चौफेर फूटभर रेती-गिट्टी भरली, चेंबरमधून फक्त तोच चालू ठेवला आणि जुने दोन्ही बंद करून दोन वर्षं हात लावला नाही. नंतर उघडलं तर कोरडी काळी माती, वास नाही. तेच सोनखत, आम्ही संत्र्याला टाकलं. बाबांना हे सांगा, ते ताजं थोडीच काढायचं आहे. पण आत्ता भर पावसात खोदू नका, काळी माती ढासळते. तोवर सक्शनवाली गाडी बोलावून एक खड्डा रिकामा करून घ्या, तोच चालवा. माणूस मात्र आत उतरवू नका बाप्पा, वायूने जीव जातो, आणि २०१३ च्या कायद्याने माणसाकडून ते काम करून घेणं गुन्हाच आहे.

प्रतिसाद (काटोलवरून):
विहिरीच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे (गावच्या पाण्याचे नमुने घेणारा माणूस) द्या, तपासून येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. माठात हात घालू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. लेकरांचे हात संडासहून आल्यावर साबणानेच धुवा, राखेने किंवा मातीने नाही.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद. दादाला आत्ताच फोन केला, पाईप उद्या सकाळी तोडतो म्हणाला. पाणी आजपासून उकळून राहिले. सोनखताचं ऐकून बाबा काही बोलले नाहीत, पण नाही पण म्हणाले नाहीत. आता एकच, काटोलपर्यंत येणारी सक्शन गाडी कोणाला माहीत आहे का? आमची गल्ली आठ फुटाची आहे, त्यांचा पाईप किती लांब असतो? या आठवड्यात झालं तर आई नीट जेवेल.